होस्टा: 'सागाए' म्हणून आणलं, पण 'सागाए'च आहे का?

कुंडीतला पाऊस · न्यू जर्सी · १२ मे

नर्सरीतून तीन गॅलनच्या कुंडीत मोठ्या जातीचा होस्टा (सावलीत वाढणारं, मोठ्या पानांचं शोभेचं झाड) आणला आहे. लेबलवर 'सागाए' लिहिलंय. पाच डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) आहेत, पानं नुकतीच पूर्ण उलगडलीत. सगळ्यात मोठं पान ८ इंच लांब, साडेपाच इंच रुंद. मध्य हिरवा, काठ पोपटी. बहुतेक पानांवर काठ पाऊण इंच आहे, दोन पानांवर मात्र दीड इंचापर्यंत गेलाय. फोटो पाहून कधी 'लिबर्टी' वाटतं, कधी 'व्हिक्टरी'. जागा घराच्या उत्तरेला आहे, सकाळी दोन तास ऊन, नंतर ओकची विरळ सावली. नक्की जात कशी ठरवायची? आणि जातीप्रमाणे अंतर, खत बदलतं का?

गड्डा आणि डोळा · मिनेसोटा · १२ मे

काठाची रुंदी आत्ता पुरावा म्हणून धरू नका. पाच डोळ्यांचं रोप म्हणजे अजून बाळ आहे. या मोठ्या जातींना खरं रूप यायला ५ ते ७ वर्षं लागतात. तोवर पानं अरुंद राहतात, काठ बारीक दिसतो आणि एकाच रोपाच्या दोन पानांवर रुंदी वेगळी असते. लहान 'लिबर्टी' आणि मोठं 'सागाए' शेजारी ठेवलं तर काठावरून हमखास फसगत होते.

चार गोष्टी पाहा, याच क्रमाने.

पहिली, पानाची वरची बाजू. 'सागाए'चं पान वसंतात राखट निळसर हिरवं असतं. द्राक्षावर असते तशी पांढरट पावडर पानावर असते, त्यामुळे चमक दिसत नाही. 'व्हिक्टरी' चकचकीत हिरवं. मात्र हा फरक मेमध्ये तपासू नका. कोवळेपणी बऱ्याच होस्टांवर थोडी पावडर असते. जूनअखेर पाहिलंत की 'व्हिक्टरी'चं पान तेल लावल्यासारखं चमकतं, 'सागाए'चं मंदच राहतं.

दुसरी, जाडी. पान अंगठा आणि तर्जनीत हलकं धरून वाकवा. 'सागाए' मुळात चांगल्या जाडीचं आहे, पण 'लिबर्टी' त्याहून जाड आणि कडक. विड्याचं पान आणि रबराच्या झाडाचं पान यांच्यात हाताला जसा फरक लागतो, त्याच दिशेचा हा फरक आहे, फक्त कमी.

तिसरी, काठाचा रंग ऋतूबरोबर कसा बदलतो. 'सागाए' पिवळ्यापासून सायीच्या रंगाकडे जातं. 'लिबर्टी'चा काठ वसंतात जर्द पिवळा, नंतर सायीसारखा पांढरट. 'व्हिक्टरी'चा काठ सुरुवातीला पोपटी, मध्याशी जेमतेम वेगळा दिसणारा, आणि उन्हाळ्याच्या मध्यावर सायीसारखा उजळतो.

चौथी, उभं राहण्याची ढब. तिन्ही जाती फुलदाणीसारख्या वर चढून बाहेर पसरतात, म्हणून तर गोंधळ होतो. पण 'सागाए'च्या पानाच्या कडेला ठळक लाटा असतात. 'व्हिक्टरी'चं पान लांबट आणि टोकदार.

फुलांवर भिस्त ठेवू नका. तिघांचीही फिकट जांभळी.

वरची पावडर तपासताना एकाच पानाच्या एका कोपऱ्यावर बोट फिरवा. एकदा पुसली गेली की त्या पानावर परत येत नाही.

सावलीबाग · लीड्स · १३ मे

वर दिलेल्या क्रमाशी सहमत. या तिघांची वंशावळ माहीत असली की फरक लक्षात राहतात.

'सागाए' मूळ जपानचं. जुन्या कॅटलॉगांत ते 'फ्लक्चुअन्स व्हेरिगेटेड' या नावाने सापडतं, त्यामुळे जुन्या बागेतून तुकडा मिळाला आणि चिठ्ठीवर ते नाव असेल तर दुसरं झाड समजू नका. 'लिबर्टी' हे 'सागाए'चंच अपत्य. बियांचं नाही, 'सागाए'च्या गड्ड्यातून बदललेला कोंब निघाला, तो वेगळा करून वाढवला. त्यात पेशींतली गुणसूत्रं दुप्पट झालेली आहेत. होस्टात एरवी ६० असतात, अशा झाडांत १२०. पान जाड होणं, काठ रुंद होणं आणि वाढ संथ होणं हे तिन्ही परिणाम त्यातूनच येतात. 'व्हिक्टरी'चा या घराशी संबंध नाही. ते 'निग्रेसेन्स एलाटिओर' या उंच, हिरव्या, चकचकीत होस्टाचं काठवालं रूप. म्हणून चमक हीच त्याची खरी खूण, ती थेट मूळ झाडाकडून आली आहे.

अमेरिकन होस्टा ग्रोअर्स असोसिएशनने वर्षाचा होस्टा म्हणून 'सागाए' २००० मध्ये, 'लिबर्टी' २०१२ मध्ये आणि 'व्हिक्टरी' २०१५ मध्ये निवडला. तिन्ही जाती मोठ्या प्रमाणावर लावल्या गेल्या आणि लेबलं अदलाबदल व्हायला भरपूर वाव मिळाला.

हिरवी नजर · टोरांटो · १३ मे

यात चौथं नाव घालायलाच हवं: 'रीगल स्प्लेंडर'. तेही फुलदाणीच्या आकाराचं, राखट निळं, सायीच्या काठाचं, आणि ३ फुटांपर्यंत जातं. लहान कुंडीत 'सागाए' म्हणून सहज खपतं. ओळख सोपी आहे. पान बरंच अरुंद, काठ बारीक आणि वसंतातही फारसा पिवळा नाही. फुलदांडा ५ फुटांच्या आसपास.

आणि 'मॉन्टाना ऑरिओमार्जिनाटा' विसरू नका. हिरव्यागार चकचकीत पानाला अनियमित पिवळा काठ, काठाचे फराटे मध्यापर्यंत घुसलेले, पानाचं टोक खाली झुकलेलं. हे सगळ्यांत आधी उगवतं. बाकीचे होस्टे जमिनीखाली असताना याची पानं वर येतात आणि उशिराच्या हिमकडाक्यात काळी पडतात. तुमच्या बागेत एकच होस्टा शेजाऱ्यांच्या दोन आठवडे आधी उठत असेल तर हे नाव आधी तपासा. गारठ्याचा इशारा आला की रात्री त्यावर पालथी बादली किंवा जुनी चादर घाला. प्लास्टिकचा कागद पानाला टेकला तर तिथेच पान भाजतं.

तांबडी माती · मिशिगन · १३ मे

'फ्रान्सिस विल्यम्स'शी गल्लत करणारेही पुष्कळ आहेत, 'मोठा, निळसर, पिवळ्या काठाचा' एवढं वर्णन ऐकून. दोन्ही शेजारी पाहिले की शंका राहत नाही. 'फ्रान्सिस विल्यम्स'चं पान जवळजवळ गोल, आडवं पसरलेलं, आणि पृष्ठभाग खळगेदार, चुरगळून परत उलगडलेल्या कापडासारखा. 'सागाए' गुळगुळीत आणि उभं. हे झाड फ्रान्सिस विल्यम्स यांना १९३६ मध्ये कनेटिकटमधल्या ब्रिस्टल नर्सरीत सिबोल्डिआना या होस्टाच्या रोपांत एकटंच पिवळ्या काठाचं दिसलं होतं.

त्याचा एक दोष माहीत असलेला बरा, कारण लोक त्यालाच रोग समजून फवारण्या करत बसतात. वसंतात पान उलगडल्यावर पिवळा काठ तपकिरी होऊन करपतो. काठाचा भाग नाजूक असतो, पान वेगाने मोठं होत असताना कोरडा वारा आणि ऊन लागलं की तिथलं पाणी आधी उडून जातं. औषध नाही. वाऱ्याचा आडोसा, सकाळी नऊ-दहानंतर सावली आणि एप्रिल-मेमध्ये जमीन अजिबात कोरडी न पडू देणं, एवढंच करता येतं. तेच रूप हवं आणि करपणं नको असेल तर 'ऑलिव्ह बेली लँग्डन' घ्या. दिसायला जवळजवळ तेच, काठ मात्र कमी जळतो. 'ऑरोरा बोरिआलिस' नावाने मिळणारं झाड 'फ्रान्सिस विल्यम्स'पासून वेगळं ओळखणं मला तरी शक्य वाटत नाही. दोन्ही विकत घेऊन पैसे घालवू नका.

मोगरा · पुणे · १४ मे

फोटो पाहून फार मोह होतोय. पानं थेट अळवासारखी! पुण्यात किंवा महाबळेश्वरला कुंडीत जगेल का?

गड्डा आणि डोळा · मिनेसोटा · १४ मे

मोगरा, अळवासारखा दिसला तरी होस्टा शतावरीच्या कुळातला. त्याला दरवर्षी खरी थंडी लागते. साधारण ५ अंशांखाली निदान सहा आठवडे सलग झोप मिळाली नाही तर पुढच्या वर्षी कोंब कमी आणि बारीक येतात, दोन-तीन वर्षांत गड्डा संपतो. महाबळेश्वरची थंडी रात्रीपुरती असते, दिवसा पारा परत चढतो, त्यामुळे तिथेही हिशेब पुरा होत नाही. गड्डा फ्रीजमध्ये ठेवून थंडी देता येते, पण 'सागाए'सारख्या मोठ्या जातीचा चार-पाच वर्षांचा गड्डा फ्रीजमध्ये मावायचा नाही, आणि त्याचं सौंदर्य त्या वयातच आहे. पुण्यात सावलीसाठी काठवालं किंवा पट्ट्यांचं मोठं पान हवं असेल तर पिवळ्या पट्ट्यांचा शेल जिंजर लावा, पावसाळ्यात कॅलेडियम. दोन्ही तिथल्या हवेत मनापासून वाढतात.

कुंडीतला पाऊस · न्यू जर्सी · १४ मे

सगळ्यांचे आभार. पावडर कोपऱ्यावर पाहिली, वरच्या बाजूला अगदी थोडी आहे. जूनअखेरपर्यंत थांबतो. तोवर कुंडीतच ठेवू की जमिनीत लावू? आणि एका पानावर हिरव्या भागात थोडा वेगळ्या छटेचा डाग दिसतोय. तो कसला?

गड्डा आणि डोळा · मिनेसोटा · १४ मे

आधी डाग, मग लागवड. उलटं करू नका.

होस्टा व्हायरस एक्स हा विषाणू मिनेसोटा विद्यापीठात बेन लॉकहार्ट यांनी १९९६ मध्ये ओळखला. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं विषाणूने चितारलेली झाडं 'नवी जात' म्हणून नावासकट विकली गेली. 'ब्रेकडान्स', 'लेपर्ड फ्रॉग', 'लुनसी' ही त्यातलीच. म्हणून वेगळं दिसतंय म्हणजे दुर्मीळ आहे, असं होस्टात कधीच समजू नका.

डाग वाचायचा कसा ते सांगतो. नैसर्गिक फराटा असेल तर तो शिरेला समांतर, देठाकडून टोकाकडे जातो, त्याची कड स्वच्छ असते आणि त्या जागी पानाची जाडी, पोत बदलत नाही. विषाणूचा डाग टीपकागदावर शाई फुटावी तसा शिरेच्या दोन्ही बाजूंना फुटलेला दिसतो. तिथे बोट फिरवलं तर पान खडबडीत, उंचसखल लागतं, काही वेळा आक्रसलेलं. ऊन पाठीमागून येईल असं पान धरून पाहा, कड लगेच कळते.

तरी खात्री नजरेने होत नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला एक-दोन वर्षंसुद्धा लागू शकतात. अॅग्डिआ कंपनीच्या चाचणीपट्ट्या मिळतात. डागासकट नखाएवढा पानाचा तुकडा त्यांच्या पिशवीतल्या द्रावात चुरडायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे चाचणी नीट झाली आणि विषाणू सापडला नाही. दोन रेघा म्हणजे आहे. एकही नाही म्हणजे पट्टी वाया गेली, परत करा. नवी लागण पट्टीत येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी एकदा पुन्हा.

निकाल येईपर्यंत झाड कुंडीतच, बाकी होस्टांपासून दूर. विषाणू रसातून पसरतो. कात्री, सुरी, फावडं, सुकलेली पानं तोडणारी नखं, सगळं त्यात आलं. अवजार आधी घासून माती काढा, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून त्यात बुडवा. मिश्रण रोज ताजं करा, नंतर अवजार धुऊन तेलाचा हात द्या, नाहीतर गंजेल. विषाणू निघालाच तर झाड मुळांसकट कचऱ्यात जातं, कंपोस्टात नाही. त्या जागी मातीत राहिलेले मुळांचे तुकडे पूर्ण कुजेपर्यंत दुसरा होस्टा नको. दुसरं काही लावायला हरकत नाही.

सावलीबाग · लीड्स · १५ मे

डागांबद्दल पुरवणी. ऑगस्टमध्ये दोन शिरांच्या मधोमध तपकिरी पट्टे दिसले, शिरांपाशी अचूक थांबलेले, तर तो विषाणू नाही. पानातले सूत्रकृमी आहेत. घरी तपासायची रीत: पट्ट्याचा भाग अर्ध्या इंचाचे तुकडे करून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी दहापट भिंगातून पाहा. बारीक पांढरे धागे वळवळताना दिसले तर तेच. वरून पाणी मारलं की थेंबांबरोबर ते एका पानावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून होस्टाला पाणी नेहमी बुडाशी. पावडरही त्यामुळे टिकते, हा वरचा फायदा.

तांबडी माती · मिशिगन · १५ मे

चाचणी ठीक आली तर लागवड अशी करा.

खड्डा रुंद, खोल नाही. होस्टाची मुळं आडवी पसरतात. ३० इंच रुंद आणि १२ इंच खोल पुरे. निघालेल्या मातीत तिचा तिसरा हिस्सा कुजलेलं कंपोस्ट मिसळा. कच्चं शेणखत नको. सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असला की झाड खूष असतं.

कुंडीतून काढल्यावर जिथे सगळे चुकतात ती पायरी. नर्सरीचं मिश्रण सालीच्या भुशाचं असतं. तो गोळा तसाच चिकणमातीत ठेवला तर मुळं भुशातच गोल फिरत राहतात. बाहेरची माती ओली आणि गोळा कोरडाठाक, असं होतं, आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं पाणी पोचतंय. म्हणून बादलीत पाणी घेऊन गोळा बुडवा, बोटांनी निम्म्याहून जास्त भुसा धुऊन काढा, गोल फिरलेली मुळं सोडवा. खड्ड्याच्या मध्यात मातीचा छोटा उंचवटा करा, त्यावर गड्डा बसवा आणि मुळं चहूबाजूंनी खाली पसरा. डोळ्यांचा बुंधा जमिनीच्या पातळीलाच यायला हवा. दोन इंच जरी खोल गेला तरी कुजतो.

पाणी आठवड्याला इंचभर, पावसाचं धरून. पहिल्या वर्षी रेताड जमिनीत दीड इंच. खत १०-१०-१० (नत्र, स्फुरद, पालाश सारखे), वसंतात कोंब वर आले की मोठ्या गड्ड्याला पाव कप, पानांच्या घेराखाली गोल पसरून, बुंध्यापासून वीतभर दूर. कणी पानांच्या पन्हाळीत अडकली तर तिथे भोक पडतं, म्हणून टाकल्यावर बुडाशी पाणी द्या. दुसरा हप्ता सहा आठवड्यांनी, आणि जुलैनंतर खत बंद. उशिरा दिलेल्या खताने कोवळी वाढ येते, ती थंडीत जाते.

आच्छादन दोन इंचांहून जास्त नको आणि बुंध्याला चिकटलेलं तर नकोच. दमट उष्म्यात देठ बुडाशी पिवळे होऊन आडवे पडले, ओढल्यावर सहज हातात आले, आणि मातीवर पांढरी बुरशी व मोहरीसारखे तांबूस दाणे दिसले तर ती देठकूज. गावाकडे भुईमुगाची खोडकूज पाहिलेल्यांना हे दाणे लगेच ओळखू येतील, बुरशी त्याच जातकुळीची, स्क्लेरोशियम. वरची दोन-तीन इंच माती दाण्यांसकट काढून कचऱ्यात टाका, आच्छादन मागे ओढा, बुंध्याला हवा लागू द्या.

हिरवी नजर · टोरांटो · १६ मे

ओकखाली जागा आहे हे चांगलं. मेपल असता तर जमिनीत लावू नका म्हटलं असतं. मेपलची बारीक मुळं दोन वर्षांत सगळा खड्डा विणून टाकतात आणि होस्टा दरवर्षी लहान होत जातो. लोक खत वाढवतात, ते मेपल खातो.

अंतर जातीवर ठरतं, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पूर्ण वाढलेलं 'सागाए' अडीच फूट उंच आणि घेर ६ फुटांच्या जवळ. 'व्हिक्टरी' तेवढंच किंवा किंचित उंच. 'लिबर्टी'ला साडेचार फूट पुरतात. भिंतीपासून किमान तीन फूट सोडा. भिंतीलगत लावलं तर फुलदाणी अर्धीच भरते आणि झाड पुढे कलतं.

हरणं येत असतील तर काहीही लावण्याआधी कुंपणाचा विचार करा. आठ फुटी जाळीच्या आतच होस्टा निर्धास्त. अंड्याच्या वासाची फवारणी चालते, पण पावसानंतर आणि नव्या पानांवर पुन्हा मारावी लागते. मुळं कुरतडणारे व्होल (उंदरासारखे प्राणी) असतील तर खड्ड्याला अर्ध्या इंचाच्या तारजाळीची टोपली करून घाला. वसंतात झाड हलवलं आणि मुळांविना हातात आलं, म्हणजे व्होल.

गोगलगायींसाठी आयर्न फॉस्फेटचे दाणे, कोंब बोटभर असतानाच, विरळ फेकून. ढीग करायचा नाही. घरात कुत्रा-मांजर असेल तर होस्टाची पानं त्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका, त्यातल्या सॅपोनिन या द्रव्यामुळे उलट्या-जुलाब होतात.

मोगरा · पुणे · १६ मे

कुत्र्यामांजरांना बाधतं, मग माणसं याचे कोंब खातात असं वाचलं ते खरं का?

सावलीबाग · लीड्स · १६ मे

खरं आहे. जपानमध्ये होस्टाचे कोवळे कोंब 'उरुई' नावाने भाजी म्हणून खातात, आणि यामागाता प्रांत त्यासाठी ओळखला जातो. सागाए नावाचं शहर त्याच प्रांतात आहे. पण नर्सरीतल्या शोभेच्या रोपावर कीटकनाशकं मारलेली असतात. ते खायचं नाही.

कुंडीतला पाऊस · न्यू जर्सी · ३ जून

पट्टी केली. एक रेघ. डाग शिरेला समांतर आहे, कड स्वच्छ, बोटाला गुळगुळीत. लागवड वर सांगितल्याप्रमाणे, मुळं धुऊन केली. भिंतीपासून साडेतीन फूट. आता एक नवं दिसतंय: एक कोंब पूर्ण हिरव्या पानांचा आलाय, काठच नाही.

गड्डा आणि डोळा · मिनेसोटा · ३ जून

तो आत्ताच काढा, वाट पाहू नका. काठ असलेला होस्टा म्हणजे एकाच कोंबात दोन प्रकारच्या पेशी, एकावर एक थर असलेल्या. बाहेरच्या थरातून काठ होतो, आतल्या थरातून मध्य. वाढताना आतला थर बाहेर घुसला की कोंब एकरंगी होतो. पूर्ण हिरव्या पानात हरितद्रव्य जास्त, म्हणून तो कोंब जोरात वाढतो आणि चार-पाच वर्षांत काठवाल्यांना दाबून टाकतो.

पानं कापून उपयोग नाही, डोळा परत फुटतो. बुंध्याजवळची माती बोटांनी बाजूला करा, कोंब गड्ड्याला जिथे जोडलाय तिथवर उघडा करा. धुतलेल्या पातळ सुरीने उभा छेद द्या, कोंब त्याच्या मुळांसकट आणि गड्ड्याच्या छोट्या तुकड्यासकट निघाला पाहिजे. जखम दोन तास उघडी सुकू द्या, मग माती लोटा. त्या दिवशी पाणी नको. काढलेला कोंब कुंडीत लावून ठेवा, पानं वाढली की चमक त्याच्यावरही तपासता येईल. काठ नसल्याने मूळ झाड कोणतं ते त्यावर जास्त स्पष्ट कळतं.

याच कारणाने बी पेरून 'सागाए' मिळत नाही. बियांतून काठवाली रोपं जवळजवळ येतच नाहीत. गड्डा फोडणं किंवा टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून रोप वाढवणं), एवढेच मार्ग. फोडायचंच असेल तर वसंतात कोंब दोन इंचांचे असताना, आणि प्रत्येक तुकड्याला निदान तीन डोळे ठेवून. पण मोठ्या जातीला फोडलं की ती दोन-तीन वर्षं मागे जाते. जागा अपुरी पडत नसेल तर हात लावू नका.

तांबडी माती · मिशिगन · ४ जून

काठ पांढरट होत जाणाऱ्या जातींत पुढे आणखी एक गोष्ट दिसेल, तिचा विषाणूशी संबंध नाही. मध्याचा हिरवा भाग वाढत राहतो, काठाचा भाग हरितद्रव्याअभावी मागे पडतो. मग बटव्याची नाडी ओढावी तसं पान कडेने आवळतं, वाटीसारखं होतं, कधी काठ चिरतो. ते झाड फेकू नका. दुपारची सावली वाढवा आणि वसंतात पान वाढत असताना पाणी चुकवू नका.

कुंडीतला पाऊस · न्यू जर्सी · ९ जुलै

आता सांगतो. वरची बाजू चकचकीत, सकाळच्या उन्हात आकाश दिसतं इतकी. पावडर कुठेच नाही. काठ मेमध्ये पोपटी होता, आता सायीसारखा. टोक लांब. कडेच्या लाटा नावापुरत्या. कुंडीत लावलेला हिरवा कोंबही तसाच चमकतोय.

गड्डा आणि डोळा · मिनेसोटा · ९ जुलै

'व्हिक्टरी'. हिरवा कोंब चमकतोय म्हणजे मूळ झाड 'एलाटिओर'च्या घरातलं, 'सागाए'च्या नाही. तो कोंब टाकू नका, स्वतंत्र झाड म्हणून उत्तम वाढेल, फक्त या गादीत परत लावू नका. मुख्य झाडाला सहा फूट मोकळे हवेत, मधल्या जागेत तोवर नेचे लावा, चार वर्षांनी ते उचलता येतील. आणि लेबल आजच बदला. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बोथट खिळ्याने नाव आणि वर्ष कोरून बुंध्याच्या उत्तरेला, मातीत चार इंच खोल खोचा. प्लास्टिकवरची शाई दोन हिवाळ्यांत उडते.

हिरवी नजर · टोरांटो · १० जुलै

पुढच्या मेमध्ये पट्टीची दुसरी चाचणी करायला विसरू नका, आणि डाग असलेलं पानच त्यासाठी घ्या.